परातेताईंची मशीन रूम

ऑफिसात नवा माणूस आला की परातेताई त्याला आधी मशीनची मागची बाजू दाखवायच्या.

आम्ही बिल्डरांसाठी चित्रं आणि फिल्म तयार करतो. जी इमारत अजून उभीच नाही तिचा हॉल, तिची बाल्कनी, बाल्कनीतल्या कुंडीवर पडलेलं सकाळचं ऊन. आलेल्या माणसाला ती चित्रं पाहायची असत. पण काचेच्या दारामागच्या मशीन रूममधून ताई बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "चित्रं पाह्यसान मंग. आधी इकडं या." मग एका कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा मागचा पत्रा काढून दाखवायच्या. आतल्या वायरी एकमेकींना चिकटून, एका वळणाने वर जायच्या आणि आपापल्या भोकातून आत शिरायच्या. एकही वायर सैल नाही, एकही दुसरीवरून गेलेली नाही. बाजारात वायरी बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या ताईंना चालत नसत. त्या मेण लावलेल्या पांढऱ्या सुती दोऱ्याने वायरी बांधायच्या. गाठी सगळ्या एका रेषेत.

"माझे बाबा लुगडी विणत," त्या सांगायच्या. "गिऱ्हाइकाले आधी उलटी बाजू दाखवत. उलटी बाजू साफ, म्हणजे माल साफ."

गोळीबार चौकात त्यांचं घर होतं. घरातला माग कधीच मोडला होता. भाऊ ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात होता. ताईंनी लग्न केलं नव्हतं. बारावीनंतर हार्डवेअरचा कोर्स केला, सीताबर्डीच्या दुकानांतून मशीन दुरुस्त केल्या, आणि आमच्या सरांनी स्टुडिओ काढला तेव्हापासून त्या इथे होत्या. सरांच्याही आधी त्या यायच्या. मशीन रूमची किल्ली त्यांच्याकडे असायची. एसीचा रिमोटही त्यांच्याकडेच, आणि तो मागायला कुणी गेलं की त्या विचारायच्या, "तुले गरम होऊन राहिलं का मशीनले? तुले होत असंल तर पंखा आहे."

त्या खोलीत रात्रंदिवस चित्रं शिजवणाऱ्या मशीन एका रॅकवर होत्या. ताईंनी त्यांना नावं दिली होती. सगळ्यात वरची, लवकर तापणारी आणि सगळ्यात जास्त आवाज करणारी ती सासू. तिच्याखाली मोठी जाऊ, धाकटी जाऊ, आणि कोपऱ्यात नणंद. "लग्न नाई केलं तरी गोतावळा काई सुटला नाई," असं त्या म्हणायच्या. हळूहळू सगळं ऑफिस तसंच बोलायला लागलं. सर सुद्धा क्लायंटसमोर म्हणून गेले होते, "सासूवर टाकलंय, संध्याकाळपर्यंत होईल." क्लायंटने पुढे काही विचारलं नाही.

मी नवीन होते तेव्हा माझा माउस नीट चालत नव्हता. मी उठून सांगायला गेले नाही. मेल केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक केला. तेव्हा ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो मेल मोबाईलवरून वाचून दाखवला. "'काइंडली लुक इंटू द मॅटर.' काय वं कॉन्व्हेंट, मी काचेमागंच बसून राहिली ना? तोंड नाई का तुले?"

सगळे हसले. ताईंनी खिशातून दुसरा माउस काढून लावून दिला आणि जुना घेऊन गेल्या. त्यानंतर माझं नाव कॉन्व्हेंटच पडलं. मला ते आवडत नव्हतं, पण मी तसं कधी म्हटलं नाही.

त्यांचा कामाचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन बिघडली की आमचा प्रणय, जो फिल्मचं काम बघतो, एकदम चार गोष्टी करून टाकायचा. ड्रायव्हर बदल, सेटिंग बदल, रॅम काढून लाव. मशीन सुरू व्हायची, पण कशामुळे ते कळायचं नाही. ताई चिडायच्या. "चार औषधं एकदम खाल्ली अन् बरा झाला. आता सांग बरं, कोणत्यानं झाला?" त्या स्वतः एक गोष्ट बदलायच्या, मग मशीनला पूर्ण ताकदीने कामाला लावून चहाला जायच्या. परत येऊन पाहायच्या. मग दुसरी गोष्ट. मशीनच्या मागे, जिथून गरम हवा बाहेर येते तिथे, हात धरून उभ्या राहायच्या आणि अधूनमधून वाकून वास घ्यायच्या. जळका वास त्यांना आमच्या आधी यायचा. तो सासूचा आहे की जावेचा, हेही त्या सांगायच्या. यातलं निम्मं चुकायचं. चुकलं तरी त्या दुसऱ्या दिवशी तितक्याच खात्रीने सांगायच्या.

गेल्या उन्हाळ्यात सरांनी मशीनसाठी नवीन ग्राफिक्स कार्डं आणली. जुनी कार्डं लहान होती. नवी विटेएवढी जाड, तीन पंख्यांची. ती आली त्या दिवशी ताई रोजच्या कुर्त्याऐवजी साडी नेसून आल्या होत्या. एकेक कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी बसवलं. जुन्या कार्डाला वीज देणारं एकच सॉकेट होतं, नव्याला दोन होती. ताईंनी सगळ्या वायरी पुन्हा बांधल्या, दोऱ्याने, सगळ्या गाठी एका रेषेत. संध्याकाळी सगळ्या ऑफिसला बोलावून मागचे पत्रे उघडून दाखवले. प्रणयने फोटो काढला.

छोटी कामं झटपट व्हायला लागली. मग अक्षय्य तृतीयेला उद्घाटन असलेल्या एका मोठ्या प्रकल्पाची फिल्म आली आणि मशीनवर पहिल्यांदा पूर्ण भार पडला. सासू पडली. पडली म्हणजे बंद झाली. पडदा काळा, पंखे थांबलेले, मग आपोआप पुन्हा सुरू. थोड्या वेळाने मोठी जाऊ पडली. मग नणंद. झालेलं काम प्रत्येक वेळी अर्ध्यावर तुटायचं.

ताईंनी आधी उन्हाला दोष दिला. बाहेर रस्ता वितळत होता. एसी पूर्ण सोडला, कॅबिनेटचे पत्रे काढून ठेवले. मशीन थंड होत्या तरी पडल्या. मग त्यांनी भिंतीतल्या विजेला दोष दिला. मीटर लावून पाहिलं, दाब ठीक होता. यूपीएस बदलून पाहिला. मग ड्रायव्हर. एकेक करून.

या सगळ्यात माझं एकच काम होतं. फिल्मचे काही भाग माझे होते, त्यामुळे ताईंनी मला मशीन रूममध्ये स्टुलावर बसवलं. त्या मागे काही बदलायच्या आणि म्हणायच्या, "कर चालू." मी बटण दाबायचे. मशीन पडली की, "पडली," म्हणायचे.

"तुलेच काहून बसवलं, माहीत आहे का?" त्यांनी एकदा विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"तो प्रणय बसला तर बोलते. मले पंख्याचा आवाज ऐकू येत नाई."

खोलीत खूप आवाज असायचा, एकसारखा. काही दिवसांनी तो ऐकू येईनासा झाला. मशीन पडली की मात्र ऐकू यायचा, कारण तो थांबायचा.

मग त्यांनी कार्डाची ताकद सेटिंगमधून कमी केली, आणि मशीन पडली नाही. हळू चालली, पण चालली. ताईंनी पेनाने तळहातावर आकडे मांडले. कार्ड किती वीज खातं, प्रोसेसर किती, आणि मशीनला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्यावर किती लिहिलंय. "हिशोबानं पुरते," त्या म्हणाल्या. "पुरते, अन् तरी पडते. म्हणजे सप्लायच खोटी."

त्यांनी सासूचा सप्लायचा डबा काढून नणंदेला लावला आणि नणंदेचा सासूला. डबे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे होते, म्हणून वायरी न हलवता नुसता डबा बदलता येत होता. ताईंनी तसंच केलं. बांधलेल्या वायरी तशाच ठेवल्या, त्यांची टोकं एका डब्यातून काढून दुसऱ्यात खोचली. दोन्ही मशीन पडल्या.

"सगळाच माल खराब पाठवला लेकाचानं," ताई म्हणाल्या.

सर काचेच्या दारात उभे होते. सर ओरडत नाहीत. ते म्हणाले, "ताई, भाड्याच्या मशीन मिळतात आता. इंटरनेटवरून काम पाठवायचं, सकाळी तयार. प्रणयनं चौकशी केली आहे. मी शुक्रवारपर्यंत थांबतो."

"अन् मंग हे?" ताईंनी रॅककडे हात केला.

"तेच म्हणतोय. मग या खोलीचं काय करायचं, ते बघावं लागेल."

खोलीचं म्हणजे ताईंचं, हे सगळ्यांना कळलं. त्यांना चित्रं करता येत नव्हती. बाहेर त्यांच्यासाठी टेबल नव्हतं. सर गेल्यावर त्यांनी एसीचा रिमोट उचलला, पाहिला आणि परत ठेवला. "काय पाहून राहिली वं?" त्या मला म्हणाल्या. "कर चालू."

गुरुवारी त्यांनी सासूला रॅकवरून खाली उतरवलं. कॅबिनेटमधून सगळं बाहेर काढून टेबलावर मोकळं मांडलं. ऑफिसात त्याच मॉडेलचा एक कोरा सप्लायचा डबा होता, तो फोडला आणि त्याच्याच खोक्यातल्या वायरी लावल्या. घाई होती. दोरा नाही, वळण नाही. वायरी टेबलावर पसरल्या होत्या. मी चालू केलं. ताई चहाला गेल्या. परत आल्या तरी मशीन चालू होती. जेवणाच्या सुट्टीनंतरही चालू होती.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "हा डबा चांगला, बाकी सगळे खराब. आता त्या दुकानदाराले दाखवते."

बाहेर सरांनी दुकानदाराला फोन लावला होता. सगळे सप्लाय परत घ्या, असं ते सांगत होते. मोबाईलवरून दुकानदाराचा चढलेला आवाज ऐकू येत होता. ताईंनी तोवर नवा डबा सासूच्या कॅबिनेटमध्ये बसवला. आत त्यांच्या आधीच्या बांधलेल्या वायरी होत्याच, त्या डब्यात खोचल्या. पत्रा लावला.

"कर चालू."

मी चालू केलं. थोड्या वेळाने आवाज थांबला.

"पडली," मी म्हटलं.

डबा तोच, कार्ड तेच, खोली तीच. टेबलावर चाललं आणि कॅबिनेटमध्ये पडलं. बदललेली गोष्ट एकच होती. त्यांनी पत्रा पुन्हा काढला आणि खाली फरशीवर बसल्या. कार्डाला गेलेली वायर बोटाने धरली आणि लगेच सोडली. मग कुर्त्याच्या टोकाने धरून सॉकेटमधून बाहेर ओढली. टोकाचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं.

ती एकच वायर होती. डब्यातून एक निघायची आणि शेवटी तिला दोन तोंडं फुटायची. कार्डाची दोन्ही सॉकेटं ताईंनी त्या दोन तोंडांनी भरली होती. टेबलावर घाईत त्यांनी दोन सॉकेटांना दोन वेगळ्या वायरी लावल्या होत्या. कार्डाने जोर केला की सगळी वीज त्या एका वायरीतून जायची. ती तापायची, दाब खाली यायचा, आणि मशीन पडायची.

"दोन वायरी घेतल्या तर दुसरी मावत नव्हती," ताई म्हणाल्या. माझ्याशी नाही, वायरीशी बोलल्यासारख्या. "वळणात बसत नव्हती. आडवी जात होती."

मी स्टुलावर बसून होते. वायरीचा वास येत होता.

ताई उठल्या. ती जळकी वायर हातात घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर अजून फोनवर होते.

"सर, ठेवा फोन. सप्लाय चांगली आहे."

सरांनी फोनवर हात ठेवला. "आता तर म्हणालात, सगळ्या खराब आहेत."

"म्हणली. चुकीचं म्हणली. मी दोन्ही तोंडं एकाच वायरीनं भरली." त्यांनी वायर टेबलावर ठेवली. "सुंदर दिसावं म्हणून."

सर वायरीकडे पाहत राहिले. प्रणय दारात आला होता, त्याच्या मागे आणखी दोघं. सरांनी दुकानदाराला "नंतर बोलतो" सांगून फोन बंद केला.

"किती वेळ लागेल?"

"आजच्या आज."

"करा मग."

ताईंनी तेवढं केलं. प्रत्येक मशीनचा दोरा कापला. मी कात्री धरली होती. दुसरी वायर आली आणि सगळ्या मशीनच्या मागे ती आडवी, पोट काढून, बाकीच्या वायरींवरून गेली. मागचा पत्रा नीट बसेना. ताईंनी तो गुडघ्याने दाबून लावला. सगळ्या मशीन चालू केल्या आणि त्या दिवशी एकही पडली नाही. फिल्म शुक्रवारी गेली. बिल्डरने पेढे पाठवले. ताईंनी एक पेढा सासूवर ठेवला, मग तोच उचलून खाल्ला.

आम्हाला वाटलं, झालं. ताईंनाही तसंच वाटलं असावं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एसीला नवीन फिल्टर मागवला.

पण सरांनी त्याच आठवड्यात प्रणयकडून एक छोटं काम भाड्याच्या मशीनवर करून पाहिलं होतं. ते चांगलं झालं होतं. शिवाय त्यांना एक गिऱ्हाईक भेटलं. सावनेरला गेमिंगचं दुकान काढत होता, तरुण माणूस, केस वर उभे केलेले. त्याला अशीच कार्डं असलेल्या मशीन हव्या होत्या. पडणाऱ्या मशीन त्याने घेतल्या नसत्या. सरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून मशीन विकायचं सांगितलं. आणखी काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. काचेतून ताई मान हलवताना दिसल्या, दोनदा.

त्या बाहेर आल्या तेव्हा प्रणयने विचारलं, "काय झालं?"

"त्याले पूर्ण भार टाकून दाखवाच्या आहेत. उद्या. दिवसभर."

"अन् नाही पडल्या तर?"

"तर घेऊन जाते तो."

प्रणयने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, मग एक पाडा ना. तुम्हाला काय, एक वायर तर काढायची. सासू पडली की पळून जाते तो पोट्टा."

"येते ना मले," ताई म्हणाल्या. "एक वायर काढली का पडते. आता तर माहीतच आहे."

"मग?"

"मंग काय? एवढ्या दिसानं उभ्या राहिल्या, अन् मी पाडू?" त्या वळल्या. "अन् तू मले पळवाले निघाला होता भाड्याच्या मशीन आणून. आता लय पुळका आला?"

प्रणय हसला नाही. ताईच हसल्या.

दुसऱ्या दिवशी तो सावनेरवाला आला. ताईंनी सगळ्या मशीन एकदम पूर्ण ताकदीने लावल्या. मी स्टुलावर बसले, कारण तशी सवय झाली होती. त्याने मागचा पत्रा उघडायला सांगितला. ताईंनी उघडला. त्याने त्या गबाळ्या वायरींकडे पाहिलं आणि विचारलं, "इतना गंदा काहून बांधलं?"

"असंच लागते याले," ताई म्हणाल्या.

दिवसभर आवाज थांबला नाही. त्या अधूनमधून मागे हात धरून उभ्या राहत होत्या. संध्याकाळी सावनेरवाला म्हणाला, "पक्कं." सर म्हणाले, "ताई, बंद करा आता." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एकेक मशीन बंद केली. शेवटची नणंद होती. तिचे पंखे थांबायला जरा वेळ लागला.

न्यायला छोटा टेम्पो आला तेव्हा दुपार होती. रस्ता पांढरा दिसत होता. ड्रायव्हरने मशीन उभ्याच ठेवल्या आणि दोरी आवळायला लागला. ताई जिन्यातूनच ओरडल्या, "ए गा! आडव्या कर, आडव्या! कार्ड जड आहे, गचक्यानं तुटते!"

"काई होत नाई बाई. रोज नेतो मी."

"फ्रीज नेतो तू रोज. आडव्या कर म्हणलं ना!"

ड्रायव्हरने एक आडवी केली, ती चुकीच्या कुशीवर. ताईंनी ती पुन्हा पलटवली. मग दुसरी. मग त्यांनी ऑफिसातून जुनी गादी आणायला लावली, ती मशीनखाली सरकवली, आणि तरी त्यांचं समाधान होईना. सावनेरवाला त्याच्या मोटरसायकलवर थांबला होता, किक मारून. सर गॅलरीतून पाहत होते. ताईंनी वर पाहून विचारलं, "सर, मी जाऊ का संगं? उतरवून येते." सर म्हणाले, "जा." मग म्हणाले, "परत कशा याल?"

"येईन ना बसनं," ताई म्हणाल्या.

त्यांनी ओढणी डोक्यावरून घेतली, तोंडाभोवती घट्ट गुंडाळली, डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि मागच्या उघड्या भागात चढल्या. मशीनच्या मध्ये जी थोडी जागा होती तिथे पाय मुडपून बसल्या. एक हात एका कॅबिनेटवर, दुसरा दुसऱ्यावर. टेम्पो सुरू झाला. मी खाली फाटकाशी उभी होते. ताईंनी माझ्याकडे पाहून काही तरी म्हटलं. ओढणी हललेली दिसली, पण टेम्पोच्या आवाजात शब्द आले नाहीत. मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी. चौकात खड्डा होता. टेम्पो त्यात गेला तेव्हा त्या दोन्ही हातांनी मशीनवर वाकल्या, आणि वळणापर्यंत तशाच वाकलेल्या दिसत राहिल्या.